सरांची पिशवी

३ जानेवारी, हिवरखेड

प्राचार्यांनी आज बोलावून एक पत्रक हातात दिलं. अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथपालांची दोन दिवसांची परिषद आहे, ग्रंथालयातल्या नव्या तंत्रज्ञानावर. "ताथोड मॅडम, तुम्ही जाऊन या. आपल्याकडे एकच कॉम्प्युटर आहे, तोही रुसलेला असतो, पण माहिती असलेली बरी."

मी नाही म्हणणार होते. सासूबाईंचे गुडघे, इकडे परीक्षा जवळ आलेल्या. पण पत्रक उलटलं आणि मागच्या पानावर कमलाकांत सरांचा फोटो दिसला. केस पांढरे झालेत, चष्मा तोच. सर आता निवृत्त होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांचा सत्कार. आणि पहिल्या दिवशी त्यांच्या ग्रंथालयात बसवलेल्या सुरक्षा गेटचं प्रात्यक्षिक. नोंद न करता पुस्तक बाहेर नेलं की गेट वाजतं, असं खाली छापलेलं.

मी म्हटलं, जाते.

५ जानेवारी

दोन दिवस डोक्यात तेच आहे. लिहून टाकलं तर झोप लागेल.

नवऱ्याचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. आमच्याकडे घेत नाहीत. 'आचलचे बाबा' म्हणायची. ते गेल्यावरही तेच. वहीत मात्र लिहिते. भगवंत.

भगवंत अकोल्याच्या कॉलेजात ग्रंथालय परिचर होते. पुस्तकं लावायची, काढायची, पुसायची. वर साहेब होते कमलाकांत सर. मी दहावी नापास होऊन लग्नात आलेली. दुपारी करमत नाही म्हणाले मी एकदा, तर दुसऱ्या दिवशी भगवंत एक पुस्तक घेऊन आले. "वाच. सरांना माहीत आहे." ते वाचून झालं की दुसरं. मी किती वाचली त्याला हिशेब नाही. आज मी ग्रंथपाल आहे ती त्या पुस्तकांवर. पुढचं मुक्त विद्यापीठाचं शिक्षण नुसतं कागदासाठी.

संध्याकाळी घरी निघताना परिचरानं आपली पिशवी सरांच्या टेबलापाशी उघडून दाखवायची, ही तिथली पद्धत. भगवंत रोज दाखवायचे. सर बघायचे आणि म्हणायचे, "बंद कर." एक दिवस संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव येऊन बसले होते. त्यांच्यासमोर पिशवी उघडली. त्यात एक पुस्तक निघालं, आणि नोंद नाही म्हणाले. उत्तमरावांनी सगळ्या मुलांसमोर पिशवी टेबलावर उलटी करायला लावली. डबा खाली पडून उघडला. भगवंत एक शब्द बोलले नाहीत. सरही बोलले नाहीत. एवढा मोठा माणूस, नोंद करायची राहिली असेल एवढं तरी म्हणाला असता.

भगवंतना ग्रंथालयातून काढून कॉलेजच्या फाटकावर उभं केलं. टिनाचं छप्पर, अकोल्याचा मे महिना. तिथंच ऊन लागून पडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

डॉक्टरनं लिहिलं उष्माघात. मी मनात दुसरं नाव लिहून ठेवलंय.

१० जानेवारी

ठरलं. सांगायला कोणी नाही म्हणून इथं लिहिते.

त्यांच्याच ग्रंथालयातलं एक पातळसं पुस्तक त्यांच्याच पिशवीत टाकायचं. गेट बाकीचं करील. शंभरभर ग्रंथपालांसमोर सरांना पिशवी उघडावी लागेल. मला फक्त त्यांचा चेहरा बघायचाय. त्यापेक्षा जास्त काही नको. उत्तमराव पण येणार आहेत, उद्घाटनाला; अमरावतीचं कॉलेजही त्यांच्याच संस्थेचं, सर पुढे तिथंच गेले. मग तर चांगलंच.

हे चूक आहे का? असेल. मला आज पहिल्यांदा चांगली भूक लागली.

सासूबाईंनी विचारलं, "काय वं, एवढी काहून खूश दिसून राहिली? बक्षीस भेटलं का?"

"परिषदेला जायचं आहे ना आई."

"परिषदेत जेवाले देतात का?"

"देतात."

"मंग जाय. पन डबा संग ने. लोकाईच्या जेवनाचा भरोसा नाही."

संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना मनकर्णाबाईंनी आपली पिशवी माझ्यापुढे उघडली. त्या आमच्या परिचर. ही पद्धत मी लावलेली नाही, माझ्या आधीच्या ग्रंथपालापासून आहे. मी बघितलं. भाजी होती. नियम सगळ्यांना सारखा.

१६ जानेवारी, नांदगाव पेठ

अकोटवरून सरळ गाडी होती, तरी मुद्दाम अकोल्यावरून आले. कॉलेजच्या फाटकासमोर उतरले, थोडा वेळ उभी राहिले. टिनाच्या जागी आता पक्की खोली झाली आहे, आत पंखा आहे. एक तरुण पोरगा खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. "कोन पायजे मावशी?" म्हणाला. मी म्हटलं कोणी नाही.

पंखा आधी लावता आला नसता का.

इथं, अमरावतीच्या जवळच, आचलकडे उतरले. ती इथल्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण कमलाकांत सरांचं नाव ऐकून तिनं पोळी लाटायची थांबवली.

"आई, तू भांडायला चालली का?"

"मी ऐकायला चालले."

"सोड ना आता. बाबा असते तर त्यांनी सोडलं असतं."

"म्हणूनच ते नाहीत."

जेवताना तीच बाबांच्या आठवणी काढत बसली. म्हणाली, "बाबा घरी आले की मी पहिले पिशवीत हात घालायची. पुस्तक नेहमी डब्याच्या खाली, फडक्यात गुंडाळलेलं." मी तिला सांगितलं, पुस्तकाला ऊन लागू नये म्हणून तसं ठेवायचे. पुस्तकाची फार काळजी होती त्यांना. आचल माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हो, तसंच असेल."

पोरीला बापाची आठवण आली की ती अशीच गप्प होते.

१७ जानेवारी, नांदगाव पेठ

सगळं उलटं झालं. नीट लिहायचा प्रयत्न करते.

परिषद ग्रंथालयाच्याच वरच्या सभागृहात होती. खाली दारात ते गेट. दोन पांढरे खांब, मधून चालायचं. सगळे कौतुकानं हात लावून बघत होते. कंपनीचा माणूस सांगत होता की प्रत्येक पुस्तकाच्या आत एक चिकटपट्टी आहे, नोंद केली की ती झोपते, नाही केली की जागी असते.

उद्घाटन झालं. उत्तमराव बोलले. म्हातारे झाले, तरी आवाज जरब बसवणाराच. सर मंचावर होते, त्यांची पिशवी मागच्या टेबलावर. खाकी कापडी पिशवी, जुनी. चहाच्या सुट्टीत मी खाली जाऊन कपाटातलं एक पातळ पुस्तक घेतलं, संत्र्याच्या बागेवरचं, समोर आलं तेच. वर जाऊन पिशवीत टाकलं.

जेवण बाहेर मांडवात होतं. मी आधीच जाऊन गेटच्या पलीकडे उभी राहिले, समोरून दिसेल अशी. लोक येत होते, गेट गप्प होतं. मग उत्तमराव आणि सर बोलत बोलत आले. सरांचे दोन्ही हात मोकळे. गेटमधून गेले. गेट गप्प.

त्यांच्या मागून त्यांचा परिचर आला, जानराव. पिशवी त्याच्या खांद्याला होती.

साहेब लोक आपली पिशवी आपण धरत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अकोल्याला हीच असली पिशवी माझा नवरा वागवायचा. सरांना बसस्टँडपर्यंत पोचवून मग घरी यायचा. माझ्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार! आणि माझ्या मनात ते एकदाही आलं नाही. मी सगळं ठरवताना सरांना पिशवीसकट बघत होते.

गेट ओरडलं. लाल दिवा लागला. कंपनीचा माणूस आनंदानं ओरडला, "बघा, बघा, चालतंय!" लोकांनी मोबाईल काढले. कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्यांना वाटलं प्रात्यक्षिक आहे. जानराव दोन खांबांच्या मध्ये तसाच उभा.

उत्तमराव वळले. "काय आहे रे त्यात?"

"मालक, सरची..."

"काढ बाहेर. इथंच. सगळ्यांसमोर."

जानरावनं पिशवी उघडली. हात आत घातला, पुस्तक निघालं. मागून कोणीतरी म्हणालं, "आजच्या दिवशी तरी नको होतं करायला." दुसरा म्हणाला, "ह्या लोकांचं असंच आहे." जानराव खाली बघत होता. मी सरांकडे बघितलं. सर चष्मा काढून रुमालानं पुसत होते. सावकाश, एक काच, मग दुसरी.

त्या दिवशी अकोल्याला मी नव्हते. पण मी आज तो दिवस बघितला.

"थे पिशवी सरची आहे," मी म्हणाले. इतक्या लोकांत माझ्या तोंडून घरची बोली निघाली. पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, "त्याच्या खांद्याला आहे, पण पिशवी सरांची आहे."

सगळे सरांकडे वळले. मी वाट बघत होते. आता. आता तो चेहरा.

आणि सगळे हसले.

"अरे सर! रिटायरमेंटची तयारी का?"

"सर, सत्कारात शाल देणार आहोत, पुस्तकाची घाई काय?"

उत्तमरावांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचे सर पहिल्यापासून विसरभोळे. संत्र्याची बाग घ्यायची म्हणता का शेंदूरजन्याला?" सरही हसले. थोडं. जानरावला कोणीतरी म्हणालं, "उभा काय राहिला, जा, पाणी बघ मांडवात." पुस्तक परत कपाटात गेलं. मिनिटभरात गेटपाशी कोणी नव्हतं.

जानरावच्या हातात पुस्तक निघालं तर चोरी. तेच पुस्तक सरांचं झालं तर विनोद. मी जिल्हा ओलांडून हे बघायला आले.

चार वाजता चहाच्या टेबलापाशी सर आले. "तुम्ही भगवंतच्या मिसेस ना? तुम्ही ठेवलं का ते?"

मी हो म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मला माहीत होतं, तो पुस्तकं घरी नेतो. नोंद करत नव्हता. परिचराच्या नावावर पुस्तक द्यायचं नाही असा संस्थेचा नियम होता. तो रोज पिशवी उघडायचा, मी रोज डब्याखालचं फडकं बघायचो. बंद कर म्हणायचो. आमच्यात कधी शब्द झाला नाही त्यावर."

मी म्हटलं, "खोटं बोलता."

खोटंच आहे. भगवंत नोंद केल्याशिवाय पुस्तक आणणारे नव्हते. आपली बाजू सावरायला मेलेल्या माणसाला चोर ठरवतो हा. मी त्यांना सांगितलं, "जे मला सांगितलं, ते उद्या माईकवर सांगा. तुम्ही बघितलं होतं आणि बोलला नाहीत, तेवढं. नाही सांगितलं तर मी सांगीन."

आचल जेवायला हाक मारते आहे. मला जेवण नको.

१८ जानेवारी, नांदगाव पेठ

सत्कार दुपारी झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सरांच्या काळात ग्रंथालय कसं कपाटातून कॉम्प्युटरवर आलं ते चौघांनी चार प्रकारे सांगितलं. मी मधल्या रांगेत कडेला बसले होते. शेवटच्या ओळीच्या मागे जानराव पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता.

सर बोलायला उठले. बराच वेळ वर्गीकरण, तालिका, पहिला संगणक. मला वाटलं, हा पळणार. मी पदर खोचून उठायच्या तयारीत होते. मग ते थांबले. माझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं.

"अकोल्याला माझ्याकडे एक शिपाई होता. त्याच्या पिशवीत एकदा पुस्तक सापडलं. ते तो घरी वाचायला नेत होता आणि मला ते माहीत होतं. मी सांगायला हवं होतं. मी भ्यालो. त्याचं वाईट झालं."

उत्तमराव पहिल्या रांगेत, त्यांनी खुर्चीतली बैठक बदलली. मग सूत्रसंचालन करणारी बाई माईकवर आली. "आजच्या काळात एवढी प्रांजळ कबुली! हा सरांच्या मनाचा मोठेपणा. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. खूप वेळ पडल्या. काही जण उभे राहिले.

मी चालत पुढे गेले. माईक त्या बाईच्या हातातून घेतला. ती "मॅडम, आभार प्रदर्शन..." म्हणत राहिली.

"शिपायाला नाव होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "भगवंत. भगवंत रामकृष्ण ताथोड. माझे मालक. ते पुस्तक माझ्यासाठी होतं. त्यांचं वाईट झालं नाही, त्यांना उन्हात उभं करून मारलं. ज्यांनी उभं केलं ते या पहिल्या रांगेत बसलेत. आणि ज्यांनी बघितलं ते शाल घालून इथं आहेत. टाळ्या कोणाला वाजवल्या ते बघून घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा ते नाव तोंडानं घेतलं. तेही अनोळखी लोकांत. जीभ अडखळली नाही.

मग मी चपला घालून खाली आले. वर काय झालं मला माहीत नाही. आभार प्रदर्शन झालं असेल.

गेटपाशी जानराव माझ्या मागे आला. मला त्याला सांगायचंच होतं, म्हणून सांगितलं. "जानरावभाऊ, काल ते पुस्तक मी ठेवलं होतं. तुमच्यासाठी नव्हतं. चूक झाली."

तो म्हणाला, "मले ठाऊक आहे बाई. मी पायलं होतं तुमाले ठेवताना."

"मग बोलला काहून नाहीत? सगळे तुम्हाला चोर म्हणून राहिले होते!"

"काय बोलू? तुमचं नाव घेतलं असतं तं एवढ्या लोकाईत तुमची पिशवी पालथी केली असती. बाईमानूस. मले त काय, सवय आहे." बाटलीचं झाकण उघडून त्यानं पाणी पुढे केलं. "घ्या. चेहरा पार उतरला तुमचा."

मी पाणी प्यायले.

बसमध्ये सगळा वेळ जानरावचं बोलणं कानात होतं. का ते कळत नाही. सरांच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त टोचतंय.

१९ जानेवारी, हिवरखेड

सकाळी निघताना आचलला विचारलं. "बाबा पुस्तक डब्याखाली का ठेवायचे?"

ती माझी पिशवी भरत होती. "आई, तुला खरंच माहीत नाही?"

मी पिशवी तिच्या हातातून घेतली. अकोल्यावरून आले नाही. अकोटवरून सरळ आले.

२० जानेवारी

त्या दिवशी भगवंत एवढंच म्हणाले असते, "बायकोसाठी नेतो," तर काय झालं असतं? उत्तमराव हसले असते कदाचित. माझं नाव त्या टेबलावर पडलं असतं, डब्यातल्या भाजीसारखं. बायकोला वाचायला पुस्तक, आणि तेही चोरून. ते घरी आले तेव्हाही मला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "आता काही दिवस नवीन पुस्तक मिळणार नाही. जुनंच परत वाच." मी रुसले होते त्यांच्यावर.

पुढे लिहवत नाही.

सासूबाईंनी विचारलं, "कसं झालं मंग? जेवन कसं होतं?"

"बरं होतं."

"सत्कार झाला त्या मास्तरचा?"

"झाला."

"अन् तू काय केलं?"

"तुमच्या लेकाचं नाव घेतलं आई. सगळ्यांसमोर."

त्या बराच वेळ गुडघे चोळत बसल्या. मला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, "मोठ्यानं घेतलं ना? मंग बरं केलं."

२१ जानेवारी

प्राचार्य म्हणाले अमरावतीहून फोन आला होता, तुम्ही तिथं गोंधळ घातला म्हणे. मी म्हटलं, हो. त्यांनी पुढे विचारलं नाही. गेट बसवायचं का आपल्याकडे, एवढं विचारलं. मी नको म्हटलं.

संध्याकाळी बंद करायच्या वेळेला मनकर्णाबाई नेहमीसारख्या पिशवी उघडून टेबलापाशी आल्या.

"थांबा," मी म्हटलं. माझी पिशवी काढून आधी उघडली आणि त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्ही माझी बघा. उद्यापासून रोज."

"काहून मॅडम? मी काय इन्स्पेक्टर हावो?"

"बघा तर."

त्यांनी भीत भीत हात घातला. पर्स, छत्री, डबा. मग त्यांना मजा वाटायला लागली. "डब्याखालीबी पायतो हं!" त्यांनी डबा उचलला. खाली एक पुस्तक होतं, फडक्यात गुंडाळलेलं. दुपारी मीच ठेवलं होतं. का ठेवलं तसं, सांगता येणार नाही.

"हे नोंदलेलं आहे," मी म्हटलं. "माझ्या नावावर."

"तुमी म्हनता तं अशीनच." त्यांनी डबा होता तसा वर ठेवला आणि पिशवीचे बंद माझ्या हातात दिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अमरावतीचा नंबर; माझा त्यांनी परिषदेच्या यादीतून घेतला असेल. हा चौथ्यांदा. मला माहीत आहे कोण आहे आणि काय हवं आहे त्यांना. शाल झाली, टाळ्या झाल्या, आता माझ्या तोंडून 'माफ केलं' एवढंच राहिलंय.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "मॅडम, वाजून राहिला न फोन."

मी म्हटलं, "वाजू द्या." आणि दाराला कुलूप लावलं.